लुझर्नच्या तळ्याकाठचे डोंगर

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बर्फ, त्या बर्फात शिफॉनची साडी, आणि टिटलिसवर उभा केलेला शाहरूख-काजोलचा कटआउट! (हा कटआउट तिथे खरंच आहे, गंमत नाही.) टूरवाले लोकांना केबल कारमधून वर नेतात, फोटो काढून होतात, खाली आणून गरम जेवण देतात, की झालं स्वित्झर्लंड. पण टिटलिसला जाताना वाटेत लुझर्न नावाचं गाव लागतं आणि त्याला लागून एक मोठं तळं. या तळ्याभोवती जे डोंगर आहेत ते टिटलिसएवढे उंच नाहीत, त्यांच्यावर बारमाही बर्फ नाही, त्यामुळे आपल्याकडच्या ब्रोशरमध्ये त्यांना फारशी जागा मिळत नाही. चालणाऱ्या माणसाला मात्र हेच डोंगर हवेत.

मित्रांनो, हा लेख लिहायचं कारण साधं आहे. आपल्या हॉस्टेलमधून कोणी इंटर्नशिपला, कोणी एम.एस.ला युरोपात जातं. त्यातले निम्मे पावसाळ्यात किल्ले पालथे घातलेले. अशा माणसाला या डोंगरांविषयी सांगितलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "वर रेल्वे जाते ना? मग तो कसला ट्रेक?" या प्रश्नातच घोटाळा आहे. रेल्वे वर जाते म्हणून डोंगर सोपा होत नाही. तो का होत नाही, ते आपल्याच अभ्यासातल्या गोष्टी वापरून बघू.

आधी थोडा भूगोल

लुझर्नचं तळं समुद्रसपाटीपासून ४३४ मीटरवर आहे. क्षेत्रफळ सुमारे ११४ चौरस किमी, सर्वांत जास्त खोली २१४ मीटर. नकाशात त्याचा आकार बघा, कोणीतरी शाईचा डाग पाडून तो चारी बाजूंना ओढल्यासारखा दिसतो. हिमयुगात हिमनद्यांनी ज्या दऱ्या कोरल्या त्यांत पाणी भरलं, म्हणून असे हातपाय फुटलेले. रॉइस नदी दक्षिणेच्या टोकाला आत येते आणि लुझर्न शहरातून बाहेर पडते.

हे तळं बरोबर सीमेवर आहे. उत्तरेला बुटक्या टेकड्यांचं पठार, दक्षिणेला खरे आल्प्स. मधल्या पट्ट्याला प्री-आल्प्स म्हणतात, आल्प्सचं अंगण म्हणा हवं तर. रिगी (१७९८ मीटर), पिलाटुस (२१२८ मीटर), श्टान्सरहॉर्न (१८९८ मीटर), फ्रोनआल्पश्टॉक (सुमारे १९२० मीटर) आणि मोठा मीटन (१८९८ मीटर) हे इथले मानकरी. शेवटचं नाव जर्मन स्पेलिंगमध्ये वाचलं तर केमिस्ट्रीतला मिथेन वाटतो, पण उच्चार मीटन.

आकडे बघून नाक मुरडू नका. चढाई मोजायची ती समुद्रापासून नाही, पायथ्यापासून. पिलाटुसच्या पायथ्याचं आल्पनाखश्टाड तळ्याच्या काठावर आहे. तिथून शेवटच्या स्टेशनापर्यंत १६०० मीटरहून जास्त चढ. एका दमात!

रिगी : काँक्रीटचा डोंगर

रिगीला 'डोंगरांची राणी' म्हणतात. पण ही राणी कशाची बनली आहे ते सिव्हिलवाल्यांनी जरूर बघावं. वाटेवरचा दगड नीट पाहिला तर त्यात नदीतले गोल गोटे सिमेंटमध्ये बसवल्यासारखे दिसतात, अगदी व्हायब्रेटर न फिरवलेल्या काँक्रीटसारखे! तिकडे या खडकाला नागेलफ्लू म्हणतात. नागेल म्हणजे खिळा. गोटे दगडातून खिळ्यांच्या डोक्यांसारखे बाहेर येतात, म्हणून हे नाव.

हे झालं कसं? आल्प्स वर उचलले जात होते, त्याच वेळी नद्या त्यांना झिजवत होत्या आणि गोटे, वाळू, चिखल पायथ्याशी आणून टाकत होत्या. अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. पुढे त्या थरांचा दगड झाला आणि आल्प्सच्या रेट्याने ते थर स्वतःच तिरके झाले. म्हणजे डोंगराच्या भंगारातून दुसरा डोंगर तयार झाला. थर दक्षिणेकडे कललेले असल्यामुळे रिगीची उत्तरेची बाजू तुटलेल्या कड्यांची आणि दक्षिणेची त्या मानाने सौम्य.

आता यातली धोक्याची गोष्ट. गोट्यांच्या घट्ट थरांमध्ये मऊ मातकट खडकाचे, ज्याला मार्ल म्हणतात त्याचे, पातळ थर असतात. पाणी मुरलं की हा थर साबणासारखा होतो. रिगीच्या समोर रोसबेर्ग नावाचा याच जातीचा डोंगर आहे. खूप पाऊस झाल्यानंतर २ सप्टेंबर १८०६ ला त्याची दक्षिणेची उतरण तिरक्या थरावरून सुटली आणि खालच्या गोल्डाऊ गावावर आली. ४५७ माणसं गेली. दगडमातीचा काही भाग शेजारच्या लाउएर्त्स तळ्यात पडला आणि त्याची लाट काठावरच्या वस्तीवर चढली. आजचं गोल्डाऊ त्याच ढिगाऱ्यावर उभं आहे. तिथल्या प्राणिसंग्रहालयातून फिरताना घराएवढे दगड मध्येमध्ये पडलेले दिसतात, ते १८०६ चे. सॉइल मेकॅनिक्समधला 'स्लोप स्टॅबिलिटी' हा चॅप्टर आपण मार्कांसाठी वाचतो. इथे तो डोळ्यांसमोर उभा राहतो.

पावसानंतर दोन दिवस उघडीप असली तरी उतरणीवरची वाट बंद का ठेवतात, हे यावरून कळेल. 'वाट बंद' अशी पाटी दिसली तर ती उडी मारून जायसाठी नसते.

चालायला किती वेळ लागतो?

रिगीला जायचा सरळ मार्ग फिट्स्नाऊ या काठावरच्या गावातून. लुझर्नहून बोटीने तिथे जाता येतं. या तळ्यात अजून पाच जुन्या वाफेच्या पॅडल बोटी चालतात. सर्वांत जुनी १९०१ ची, सर्वांत नवी १९२८ ची. वरच्या डेकवरून खाली इंजिन रूममध्ये डोकावता येतं, हलणारे क्रँक आणि पिस्टन रॉड उघड्यावर दिसतात. मेकॅनिकलवाल्यांनी बाहेरचं दृश्य सोडून तिथेच उभं राहिलं तर नवल नाही.

फिट्स्नाऊ ते रिगीचा माथा अंतर साधारण ७ किमी आणि चढ १७९८ वजा ४३४, म्हणजे १३६४ मीटर. यासाठी एक जुना ठोकताळा आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला. सपाटीचे दर ५ किमीला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास धरायचा. म्हणजे ७ भागिले ५, एक तास चोवीस मिनिटं. १३६४ भागिले ६००, दोन तास सोळा मिनिटं. एकूण तीन तास चाळीस मिनिटं. यात बसणं, खाणं, फोटो काहीच धरलेलं नाही. म्हणून प्रत्यक्षात पाच तास धरून चला.

जेवणाचाही हिशोब करू. तुमचं आणि सॅकचं मिळून वजन ७० किलो. एम-जी-एच काढलं तर सुमारे ९३६ किलोज्यूल, म्हणजे २२४ किलोकॅलरी. वा, दोन समोसे! पण शरीराची एफिशियन्सी वीस ते पंचवीस टक्के. त्यामुळे खरा खर्च ९०० ते ११०० किलोकॅलरी. मेसमधला ब्रेड-जॅम खाऊन हा डोंगर होत नाही. आणि एवढ्या चढात तापमान साधारण नऊ अंशांनी उतरतं. खाली टी-शर्टमध्ये घाम, वर वाऱ्यात कुडकुडणं. जॅकेट सॅकमध्ये हवंच.

ज्यांना एवढा दम नाही त्यांच्यासाठी रिगी काल्टबाड ते शायडेग ही सुमारे ७ किमीची जवळजवळ सपाट वाट आहे. सपाट का, तर ती १९३१ मध्ये बंद पडलेल्या एका छोट्या रेल्वेच्या मार्गावरून जाते. रूळ गेले, पण पूल आणि बोगदा शिल्लक आहेत, आणि डाव्या-उजव्या हाताला तळं दिसत राहतं.

मार्क ट्वेनने रिगी चढल्याची हकीकत 'अ ट्रॅम्प अब्रॉड' (१८८०) या पुस्तकात लिहिली आहे. काही तासांच्या वाटेला त्याने तीन दिवस लावले, सूर्योदय बघायचा म्हणून झोपेतून उठून धावत बाहेर आला, आणि तो सूर्यास्त निघाला! आपल्या हॉस्टेलमध्ये दुपारी झोपून संध्याकाळी सहाला 'लेक्चर चुकलं' म्हणत उठणाऱ्यांना हे नवीन नाही.

दाते असलेली रेल्वे

आता त्या रेल्वेविषयी. गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक, यात घर्षण किती मिळणार? चढ वाढला की चाक जागच्या जागी फिरायला लागतं. म्हणून रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी टाकायची आणि इंजिनाखालचं गिअर त्यात अडकवायचं. डोंगरावर जाणारी अशी पहिली रेल्वे १८६९ मध्ये अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनवर झाली. युरोपातली पहिली रिगीवर, फिट्स्नाऊहून, २१ मे १८७१ ला. निक्लाउस रिगेनबाख हा तिचा इंजिनिअर. त्याची पट्टी म्हणजे चक्क लोखंडी शिडी : दोन उभ्या पट्ट्या आणि मध्ये पायऱ्या. चढ जास्तीत जास्त २५ टक्के.

पिलाटुसवर हे चालणार नव्हतं. तिथे चढ ४८ टक्के, म्हणजे १०० मीटर आडवं गेलं की ४८ मीटर वर. एवढ्या चढावर दातांमधला रेटा गिअरला वर ढकलतो आणि गिअर पट्टीच्या बाहेर चढून येऊ शकतं. एदुआर्ड लोखर या इंजिनिअरने काय केलं, तर गिअर आडवं पाडलं. मधल्या पट्टीला डाव्या आणि उजव्या बाजूला दाते, आणि दोन आडवी गिअर्स तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात. आता वर निसटायला जागाच नाही. गिअरखालच्या चकत्या पट्टीला खालून धरतात, त्यामुळे वाऱ्याने डबा उलटायचीही भीती नाही. ही रेल्वे १८८९ मध्ये सुरू झाली आणि आजही जगातली सर्वांत तीव्र चढाची दातेरी रेल्वे तीच आहे.

यात आपल्या देशाचाही एक धागा आहे. रिगेनबाखच्या हाताखाली काम केलेल्या रोमान आप्टने स्वतःची वेगळी दातेरी पद्धत काढली. तीच पद्धत आपल्या निलगिरी माउंटन रेल्वेला वापरली आहे, मेट्टुपालयम ते कुन्नूरच्या पट्ट्यात. चढ तिथे बाराला एक, म्हणजे सव्वाआठ टक्के. तिची जुनी वाफेची इंजिनंही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात बनलेली. उटीला जाताना गाडीखालून येणारा तो खडखडाट मूळचा या तळ्याकाठचा आहे.

पिलाटुस : भूत आणि बर्फ

पाँटियस पायलट हे नाव आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना प्रार्थनेतून पाठ झालेलं असतं. येशूला क्रूसावर चढवायची शिक्षा देणारा रोमन अधिकारी. त्याचं प्रेत या डोंगरावरच्या एका डबक्यात टाकलं आणि कोणी त्याला डिवचलं की वादळ येतं, अशी इथली दंतकथा. लुझर्नच्या कारभाऱ्यांनी यावर इतका विश्वास ठेवला की वर जायलाच बंदी! १३८७ मध्ये ही बंदी मोडायला निघालेल्या सहा पाद्र्यांना तुरुंगात टाकलं. १५५५ मध्ये कोनराड गेस्नर हा निसर्ग-अभ्यासक रीतसर परवानगी घेऊन वर गेला. १५८५ मध्ये लुझर्नचा धर्मगुरू लोकांना घेऊन गेला, सगळ्यांनी डबक्यात दगड मारले, काही झालं नाही, आणि भूत संपलं.

भूत गेलं, पण वादळ खरं आहे. तळ्यावरून येणारी दमट हवा या पहिल्याच उंच भिंतीवर आदळून वर चढते आणि उन्हाळ्यात दुपारनंतर ढग गडगडायला लागतात. वरच्या स्टेशनापासून टॉमलिसहॉर्न हा सर्वांत उंच माथा अर्ध्या-पाऊण तासावर आहे, वाट कड्याला कोरलेली, बाजूला लोखंडी दोर. वीज पडायच्या वेळी लोखंडी दोर हातात धरून उभं राहणं म्हणजे काय, हे इलेक्ट्रिकलवाल्यांना विचारा.

दुसरा धोका आणखी फसवा. जूनमध्ये खाली लोक तळ्यात पोहत असतात, पण वर उत्तरेकडच्या घळींमध्ये जुना बर्फ शिल्लक असतो आणि वाट त्याला आडवी छेदून जाते. पट्टा जेमतेम दहा-पंधरा पावलांचा. "एवढंच तर आहे!" असं म्हणून स्पोर्ट्स शूज घातलेला माणूस पाय टाकतो. गणित करून बघा. उतार ३५ अंश, बर्फ कडक, घर्षणाचा गुणांक ०.१ धरू. त्वरण येतं सुमारे ४.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. तीन सेकंदांत २२ मीटर घसरण आणि वेग ताशी ५२ किमी. तीन सेकंदांत तुम्ही मोटरसायकलच्या वेगाने कड्याकडे चाललेले असता, आणि ब्रेक नाही. शंभर मीटरवर रेल्वे स्टेशन आहे की नाही, याने या समीकरणात काहीही फरक पडत नाही.

म्हणून पिलाटुसच्या वाटा बर्फ वितळल्यावर आणि वाट उघडल्याचं स्थानिक माहितीत बघूनच करायच्या. मध्येच असा पट्टा लागला तर परत फिरायचं. परत फिरण्यात कसलाही कमीपणा नाही.

मीटन आणि श्टोस

मोठा मीटन लांबून चढण्यासारखा वाटतच नाही, सरळ उभा दगड. पण होल्त्सेगपासून (१४०५ मीटर) चाळीसहून जास्त वळणांची वाट काढली आहे, अवघड जागी साखळ्या आहेत. साधारण दीड तासात माथा. या डोंगराची गंमत म्हणजे याचे वरचे खडक खालच्या खडकांपेक्षा जुने आहेत! आल्प्स तयार होताना दक्षिणेकडचे थर खूप लांब सरकत येऊन इथल्या थरांवर चढले, पुढे बाकीचे झिजून गेले आणि हा तुकडा राहिला.

श्टोस गावाहून क्लिंगेनश्टॉक ते फ्रोनआल्पश्टॉक अशी धारेवरची वाट आहे, सुमारे दोन तासांची. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला आल्प्सच्या रांगा. गावात जायला २०१७ मध्ये सुरू झालेली फ्युनिक्युलर आहे, चढ तब्बल ११० टक्के. डबे पिंपासारखे गोल आणि चढाप्रमाणे फिरतात, म्हणून आतली जमीन कायम सपाट राहते.

फ्यॉन : थर्मोडायनॅमिक्सचा वारा

या भागात दक्षिणेकडून एक गरम, कोरडा वारा येतो, त्याला फ्यॉन म्हणतात. आल्प्सच्या दक्षिणेला दमट हवा वर चढते. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, म्हणून ती दर १०० मीटरला साधारण ०.६ अंशच थंड होते. पाऊस तिकडेच पडून जातो. मग कोरडी झालेली हवा या बाजूला उतरते आणि दर १०० मीटरला १ अंश तापते. समजा २००० मीटर चढली आणि तेवढीच उतरली : १२ अंश गेले, २० आले, ८ अंशांचा फायदा! (पलीकडे पाऊस न पडताही फ्यॉन येतो, वरच्या थरांतली हवा सरळ खाली उतरते तेव्हा.) जर्मन भाषेत केस वाळवायच्या यंत्रालाही हाच शब्द आहे.

फ्यॉनच्या दिवशी हवा इतकी स्वच्छ होते की लांबचे डोंगर हाताला लागतील असं वाटतं. ट्रेकर खूष! पण हाच वारा तळ्याच्या दक्षिण टोकाला वादळी लाटा उठवतो. १७९९ मध्ये आल्टडॉर्फ गावाला लागलेली आग याच वाऱ्याने पसरवली. आणि फ्यॉन थांबला की बहुतेकदा मागून थंड हवा आणि पाऊस येतो, वर असाल तर बर्फसुद्धा. तळ्याच्या काठावर नारिंगी दिवे आहेत : मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर सावध, ९० वेळा तर वादळ आलंच. हे दिवे बोटवाल्यांसाठी आहेत, पण डोंगरावरून दिसले तर आपणही घड्याळ लावून मोजावेत.

पाट्या आणि हाका

तिकडच्या वाटांवर पाट्या उत्तम आहेत, फक्त वाचता आल्या पाहिजेत. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट : बूट हवेत, भोवळ येणाऱ्याने जाऊ नये. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे दोर, बर्फ, कडे. अनुभव नसेल तर नाहीच. पाटीवर अंतर नसतं, वेळ असते, आणि ती न थांबता चालण्याची वेळ असते. कुरणातून जाताना फाटक उघडलंत तर लावून घ्या, आणि वासरू बरोबर असलेल्या गायीपासून लांबून जा. ती आपल्या गल्लीतली गरीब गाय नाही.

अडकलात तर हेलिकॉप्टर रेस्क्यूचा नंबर १४१४, किंवा ११२. मोबाइलला रेंज नसेल तर शिट्टी किंवा टॉर्च : मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबा, परत सहा वेळा. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं. हेलिकॉप्टर दिसलं तर दोन्ही हात वर करा, म्हणजे 'हो, मदत हवी'. उत्साहाने एकच हात वर आणि दुसरा खाली केलात तर त्याचा अर्थ 'नको' असा होतो, आणि ते निघून जाऊ शकतात!

तर मंडळी, जून ते ऑक्टोबर हा चांगला काळ. सकाळी लवकर निघा, परत फिरायची वेळ निघतानाच ठरवा आणि कोणत्या वाटेने जाताय ते खाली कोणाला तरी सांगून ठेवा. पायात धड बूट असू द्या. गुडघे बोलायला लागले, तर चढून जा आणि उतरताना खुशाल रेल्वेने या. त्यात लाज कसली? लोखरने एवढं डोकं लढवून गिअर आडवं पाडलं ते लोकांनी गाडीत बसावं म्हणूनच.